विसावं नाव

वनिताच्या लग्नाची पत्रिका छापून आली, त्या दिवसापासून मढवींच्या घरात छापील कागदाला सगळे जरा वचकूनच असत. म्हणून सव्वीस जूनला सकाळी उल्हासनगरहून चंदवानीशेठच्या प्रेसमधून कार्डांचं पुडकं आलं, तेव्हा इंदुबाईने ते ओट्यावर राहू दिलं नाही. आत नेलं, देवाच्या फळीखाली ठेवलं आणि वर सूप पालथं घातलं. झाकलं म्हणून आतला मजकूर काही बदलणार नव्हता, पण माणसाचा जीव कुठे कुठे आडोसा शोधतो.

हरिचंद्र आंघोळ करून आला तो टॉवेल खांद्यावर टाकूनच. "कार्डं आली गो?"

आलीत, आधी न्याहारी करा, असं तिने सांगून पाहिलं. पण न्याहारी कसली घेऊन बसलात! गेले दोन महिने हा माणूस भाकरी कमी आणि क्लबच जास्त खात होता.

जगाचं नवीन वर्ष जानेवारीत लागतं, व्यापाऱ्याचं दिवाळीत आणि मैत्री सेवा क्लबचं एक जुलैला. यंदा, एकोणनव्वद सालात, अध्यक्षपद हरिचंद्रकडे आलं होतं. विटा-रेतीचा धंदा करणारा कुळगावचा आगरी माणूस डॉक्टर-वकिलांच्या क्लबचा अध्यक्ष होतो ही साधी गोष्ट नव्हती, आणि ती साधी नाही हे तो घरात दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवी. लाल पुठ्ठ्याच्या वहीत त्याने वर्षाचा बेत लिहून काढला होता. जुलैत शाळेच्या पोरांना वह्या, पाऊस आहे तोवर नदीकाठाने झाडं, थंडीत मोतीबिंदूचं शिबिर. शिवाय स्टेशनाबाहेर पाणपोई, जिच्या पाटीवर अक्षरं कुठल्या रंगात काढायची यावर दोन मिटिंगा आधीच होऊन गेल्या होत्या.

पण घोडं पेंड खात होतं ते सभासदांपाशी. क्लब म्हटला की वीस सभासद लागतात. गेल्या साली दोघांची बदली झाली, एक म्हातारे वकील वारले, काही जण पाटीच्या रंगावरून रुसून गेले, आणि उरले तेरा. एक जुलैला वीस भरले नाहीत तर तुमचा क्लब अंबरनाथच्या क्लबात मिसळून टाकू, असं कल्याणच्या विभागप्रमुखांचं पत्र आलं. आता बदलापूरकराला काय वाटेल ते बोला, पण अंबरनाथच्या पंगतीत शेवटच्या पाटावर जाऊन बस, असं बोलू नका. हरिचंद्रने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि स्कूटरला किक मारली.

मग जो काही धुमाकूळ घातला म्हणता! दातांच्या डॉक्टरने तोंड वासून बसलेल्या पेशंटला तसाच ठेवून होकार दिला, हा एकदाचा जावा म्हणून. तबेलेवाल्याने फक्त एवढंच विचारलं की मिटिंगला खायला असतं का. असतं म्हटल्यावर त्याने आपल्या मेव्हण्यालाही घातलं. फोटोवाला म्हणाला, फोटो मीच काढणार आणि प्रत्येक फोटोत मीही पाहिजे; ते कसं जमणार, हे त्याचं त्याने बघावं असं ठरलं. शाळेचे एक मास्तर आणि रेशन दुकानदार आले ते हरिचंद्रच्या विटांची उधारी अंगावर होती म्हणून, असं लोक म्हणत. कसे का असेनात, सहा आले. तेरा आणि सहा एकोणीस. विसावा काही केल्या मिळेना.

आणि विसावा शेजारच्याच दारात राहत होता.

मढवींच्या ओट्याला दोन दारं. एक हरिचंद्रचं, एक धाकट्या मधुकरचं. मध्ये दोन विटांच्या उंचीची भिंत. विटांचा धंदा असूनही हरिचंद्रला तिसरी वीट काही लावता आली नव्हती, त्यामुळे पोरं, कोंबड्या आणि दोघी जावा ती भिंत दिवसातून पन्नास वेळा ओलांडत. ओलांडत नसत ते दोघे भाऊ. सहा वर्षं त्यांचा अबोला होता. अगदीच बोलायची वेळ आली तर हरिचंद्र आपल्या दारातून मोठ्याने म्हणे, "सखू, तुज्या घरवाल्याला सांग, घरपट्टीचा कागद आलाय," आणि मधुकर हाताच्या अंतरावर उभा राहून ते सखूने पुन्हा सांगेपर्यंत थांबे. बोअरिंग दोघांत एक, पंपही एक. पाणी मात्र दोन्ही गच्च्यांवरच्या टाक्यांत रोज चढलेलं असे. ते कसं चढतं, याबद्दल कधी कुणी काही बोललं नव्हतं.

अबोला झाला तो पत्रिकेपायी. त्र्याऐंशी साली हरिचंद्रच्या पोरीचं, वनिताचं लग्न ठरलं, पत्रिका छापली, त्यात निमंत्रक म्हणून अख्ख्या भावकीची नावं आली. पालेगावचे लांबचे चुलते आले, जे दारू पिऊन हळदीत पडतात तेही आले, आणि पोरीचा सख्खा काका मधुकर, त्याचं नाव तेवढं आलं नाही. हळदीच्या मांडवात मधुकरने पत्रिका पुढे धरली आणि विचारलं, माजा नाव कुठं हाय? हरिचंद्रला तोवर पत्ताच नव्हता. "राहिला असेल छापखान्यात," एवढं म्हणाला असता तर भागलं असतं. पण मांडवात चारचौघांत भावाने जाब विचारला, हे त्याला लागलं. तो म्हणाला, "नाव नसला म्हणून काय झाला? जेवायला पत्रिका लागत नाय." झालं. मधुकर मांडवातून उठला तो उठलाच. हरिचंद्रने मग सारा राग प्रेसवर जाऊन चंदवानीशेठवर काढला. आधी कोण बोलणार, या एका प्रश्नावर सहा वर्षं गेली.

खरं काय ते फक्त इंदुबाईला माहीत होतं.

हरिचंद्रने नावांची यादी रेतीच्या पावतीच्या पाठीवर खरडून दिली होती. ती नीट कागदावर उतरवून काढायचं काम तिचं. सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. अंगणात पापड वाळत होते. यादी लिहितालिहिता कावळा आला, ती हुसकायला उठली, परत येऊन बसली आणि वरचं नाव झालं असं समजून खालच्या नावावर गेली. वरचं नाव मधुकरचं होतं. हे तिच्या ध्यानात आलं ते हळदीच्या दुसऱ्या दिवशी, पावती पुन्हा हाताला लागली तेव्हा. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पावती चुलीत घातली.

चूक माणसाच्या हातून होते, तिचं काही नाही. पण चुलीत घातलं ते चुकून नव्हे. ते सहा वर्षं तिच्या छातीत जळत होतं.

म्हणूनच यंदा क्लबच्या कार्डाची यादी उतरवून काढायचं काम पुन्हा तिच्याकडे आलं, तेव्हा तिने एकोणीस नावं लिहिली, जरा थांबली, कावळा वगैरे नाही ना ते पाहिलं, आणि शुद्धीवर असताना, पूर्ण विचार करून विसावं नाव लिहिलं. श्री. मधुकर पांडू मढवी. क्लबाची रीत अशी होती की नव्या सभासदाला एक सूचक लागतो. सूचकाने समारंभात स्टेजवर उभं राहायचं, त्याच्याबद्दल तीन वाक्यं बोलायची आणि आपल्या हाताने त्याला बिल्ला लावायचा. अर्जावरची सहीसुद्धा तिथेच व्हायची. तिने मधुकरच्या नावापुढे कंस केला आणि लिहिलं, सूचक : श्री. हरिचंद्र पांडू मढवी.

कागद घेऊन ती स्वतः उल्हासनगरला गेली. चंदवानीशेठ क्लबचा सभासद, कार्डं फुकट छापायचा. त्याने यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि आतल्या खोलीत गेला. प्रेसमध्ये छापून झालेले कागद भिंतीवरच्या तारेत टोचून ठेवायची पद्धत होती. त्याने कुठल्याशा जुन्या तारेतून एक पिवळा पडलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिचंच अक्षर. वनिताच्या लग्नाची यादी.

"भाभी, आमच्याकडे कागद फेकत नाय," तो म्हणाला. "उस दिन तुमचा आदमी चिल्लाया, तब मैंने देखा था. तुमचा हँडरायटिंग होता."

सहा वर्षं सगळं कुळगाव चंदवानीशेठला 'नावं खाणारा' म्हणत होतं, आणि हा माणूस हसून ऐकून घेत होता. बोलला का नाहीत, असं तिने कसंबसं विचारलं.

"घर में लडकी की शादी थी. माँ का हात कापतो कधी कधी." त्याने कागद तिच्या हातात दिला. "अभी ये तुमचा तुम्ही ठेवा."

तो कागद आता तिच्या बटव्यात होता, आणि हरिचंद्र सूप बाजूला करून कार्डं काढत होता. हजेरी घ्यावी तसा तो नावं मोठ्याने वाचू लागला. दातांचे डॉक्टर झाले, तबेलेवाला झाला, मेव्हणा झाला. एकोणीसपर्यंत आला आणि विसाव्या नावावर त्याचं बोट अडलं. इंदुबाई तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही.

मग तो ओट्यावर गेला. शेजारचं दार बंद होतं. मधुकर पहिल्या पाळीला अंबरनाथच्या कारखान्यात गेलेला.

"म्हणजे नाव दिलान शेवटी," हरिचंद्र स्वतःशीच म्हणाला. "चंदवानीकडे जाऊन दिलान. सूचक म्हणून माजाच." मग एकदम वळून, "भाकरी जळली गो!"

कुणी दिलं म्हणून त्याने विचारलं नाही. विचारणं म्हणजे खाली येणं. त्या दिवशी तो शीळ घालत रेतीच्या ट्रकवर गेला, आणि इंदुबाईला हसावं की रडावं कळेना.

मधुकर पाळीवरून परतल्यावर धुण्याच्या दगडावर सखूने तिकडची बातमी दिली. सखूला नावाचा बेत माहीत होता. पापडाचं आणि चुलीचं माहीत नव्हतं. तिने नवऱ्यापुढे कार्ड ठेवलं, क्लबातून आलाय म्हणाली आणि बाजूला झाली. मधुकरने ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा नुसतं बोट ठेवून बसला.

"काय बोलला गं?"

"बोलला, दादूसने माजा नाव टाकला. छापून टाकला." सखूने पीळ घातलेली चादर दगडावर आपटली. "मग बोलला, पांढरा शर्ट कुठं हाय. आज सोमवार, कार्यक्रम शनिवारी. आतापासून शर्ट शोधतोय, वयनी."

दोघी इतक्या हसल्या की सखूला बादलीवर बसावं लागलं. पण हसता हसता इंदुबाईला धडकी भरली. इकडचा समजतो तिकडचा वाकला, तिकडचा समजतो इकडचा वाकला. समोरासमोर आले आणि कुणी एकाने विचारलं की संपलं. सहा वर्षांची सोळा व्हायची.

शनिवारी निघायच्या आधी ती स्वयंपाकघरात एकटी होती. बटव्यातला कागद काढून तिने पाहिला. आता चूल नव्हती, गॅस आला होता; एक काडी ओढायची की काम झालं. चंदवानीशेठ बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काडेपेटी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. बाहेरून हरिचंद्रची हाक आली, उशीर होतोय म्हणून. कागद परत बटव्यात गेला. जाळायची हिंमत झाली नाही आणि दाखवायचीही.

शाळेचा हॉल भरला होता. तबेलेवाला आणि मेव्हणा पहिल्याच रांगेत, वडे कुठून येणार त्या दाराकडे तोंड करून. विभागप्रमुखांनी घंटा वाजवली. हरिचंद्रच्या गळ्यात अध्यक्षाची पट्टी पडली, फोटोवाल्याने कॅमेरा स्टुलावर ठेवून बटण दाबलं आणि धावत येऊन फोटोत घुसला. मग नवे सभासद एकेक करून वर गेले. क्लबात सगळ्यांना नावाआधी 'मित्र' म्हणायची पद्धत होती, आणि सभेत आपसात बोलेल त्याला एक रुपया दंड. दंडाचा बिस्किटांचा डबा घेऊन चंदवानीशेठ कोपऱ्यात बसलेला.

"मित्र मधुकर मढवी," पुकारा झाला.

मधुकर वर गेला. शर्टाची इस्त्री अशी कडक की हात वाकवायला भीत होता. दोघे भाऊ माइकच्या दोन बाजूंना उभे राहिले. एकाच नाकाचे, एकाच टकलाचे. इंदुबाईने सखूचा हात धरला.

हरिचंद्रने घसा साफ केला. "हे मधुकर पांडू मढवी, अंबरनाथला केमिकल कारखान्यात फोरमन आहेत." हे पहिलं वाक्य. "यांना मी यांच्या जन्मापासून ओळखतो, मधली सहा वर्षं सोडून." हे दुसरं. मागे कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

तिसरं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं असे. या माणसावर भरवसा का ठेवावा, ते सांगायचं. हरिचंद्र माइक धरून नुसता उभा राहिला. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. कागदावर काही लिहून आणलं असेल तर तो ते विसरला होता, कारण पुढे जे आलं ते घरातल्याच बोलीत आलं.

"आमची बोअरिंग एक हाय. हा पहिल्या पाळीला जातो, तवा पहाटे पाचला पंप चालू करतो. आधी माजी टाकी भरतो, मग स्वतःची. मी अंथरुणातून ऐकतो रोज. सहा वर्षांत माजी टाकी एकदा रिकामी राहिली नाय, आणि मी एकदा बोललो नाय."

ही तीन वाक्यांच्या वर झाली, पण कुणी मोजली नाहीत. इंदुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी झोपणारा हा माणूस सहा वर्षं रोज पाचला जागा असतो, हे तिला आज कळत होतं.

हरिचंद्र बिल्ला लावू लागला. टाचणी शर्टातून आत गेली आणि मधुकर कळवळला. नव्या सभासदाने 'मान्य' एवढंच म्हणायचं असतं. मधुकरने मान खाली घातली, वर केली.

"दादूस, तुज्या टाकीचा व्हॉल्व गळतोय."

माइक चालूच होता. "कधीपासून?"

"पंच्याऐंशीपासून."

"मग बोलायचा नाय?"

"कोणाला?" मधुकर म्हणाला.

त्यावर हॉल जो हसला, तो हसतच राहिला. दोघे भाऊ मात्र हसले नाहीत. वॉशर बदलावा की सगळा व्हॉल्वच काढावा, पितळी घ्यावा की कसा, यात ते तिथेच स्टेजवर गुंतले. दोनदा घंटा वाजली तरी त्यांना ऐकू गेली नाही. शेवटी चंदवानीशेठ डबा वाजवत पुढे आला. चालू सभेत आपसात बोलल्याबद्दल मित्र हरिचंद्र आणि मित्र मधुकर यांना एकेक रुपया दंड. मधुकरने खिसे चाचपले, सुटे नव्हते, आणि हरिचंद्रने दोघांचे मिळून दोन रुपये डब्यात टाकले. वीस सभासद भरले, क्लब वाचला, आणि अंबरनाथकरांचं काय व्हायचं ते होवो.

सभा संपल्यावर वडे आले. चौघं एका बाकाभोवती जमली, आणि इंदुबाईला ज्याची भीती होती तेच झालं.

"तू नाव टाकलास तवाच मी ठरवला," मधुकर वड्याचा घास घेत म्हणाला, "आता मागचा काय काढायचा नाय."

हरिचंद्रचा हात थांबला. "मी टाकला? तूच दिलास ना नाव?"

पण हरिचंद्र आज इतका खुशीत होता की त्याला भांडायला सुचलं नाही. त्याने लांबूनच हाक घातली, "ओ शेठ! तवा नाव खाल्लात, आता जास्तीचा छापलात? काय प्रेस हाय का काय हाय?"

चंदवानीशेठने डबा काखेत मारला. क्षणभर त्याने इंदुबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हां साईं. मशीन है. कधी खाते, कधी देते."

सगळे हसले. सखू हसली, मधुकर हसला, बाजूचा तबेलेवालाही तोंडात वडा असताना हसला. झालं होतं की सगळं! भाऊ बोलले, क्लब राहिला, दोष त्याच्या जुन्या जागी परत जाऊन बसला. इंदुबाईने फक्त हातातला वडा खायचा होता. तिने तो तोंडापर्यंत नेला. समोर चंदवानीशेठ हसत होता, सहा वर्षं हसत आलेला तसाच. तिने वडा खाली ठेवला आणि बटवा उघडला.

"मशीन नाय," ती म्हणाली. "मी."

पिवळा कागद तिने बाकावर उलगडला. कुणाला काही कळेना, म्हणून तिने सगळं सांगितलं. पावती, पापड, कावळा. नव्या कार्डातलं नावही आपणच घातलं, तेही सांगितलं. हरिचंद्र अक्षराकडे बघत होता.

"आणि मी लिहून दिलेली पावती?"

"चुलीत घातली."

"का?"

"भ्याले. पहिल्या दिवशी भ्याले म्हणून बोलले नाय. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दोघांनी एवढा वाढवलात, की मग बोलायला जागाच ठेवली नाय. शेठचा काय एक दोष नव्हता. त्यांना लोक काय काय बोलले, ते मी कानांनी ऐकला आणि गप बसले."

ती रडली नाही. रडली असती तर त्यांना सोपं झालं असतं. मधुकरने बशी हळूच बाकावर ठेवली. हरिचंद्र उठून चंदवानीशेठपुढे गेला, हात जोडले, आणि शेठने ते जोडलेले हात आपल्या हातांत घेऊन खाली केले. मग हरिचंद्र परत आला तो बायकोकडे न बघता थेट भावापाशी.

"ऐकलास?"

"ऐकला."

"सहा वर्षं."

"चल दादूस," मधुकर म्हणाला. दोघे भाऊ एका स्कूटरवर बसून निघून गेले.

जावांना चालत यावं लागलं. भुरभुर पाऊस होता आणि छत्री सखूकडे होती. शाळेपासून पिंपळापर्यंत ती छत्री एकटीच्या डोक्यावर धरून चार पावलं पुढे चालली. पिंपळापाशी थांबली. "मना तरी सांगायचा होतास, वयनी," म्हणाली. इंदुबाईने मान हलवली. मग सखूने छत्री मध्ये धरली आणि दोघी अर्ध्या अर्ध्या भिजत घरी आल्या.

त्यानंतर मढवींच्या घरात नवा अबोला सुरू झाला. दोन विटांच्या भिंतीवर दोघे भाऊ दोन्हीकडे पाय सोडून बसत, सहा वर्षांचं तुंबलेलं बोलत, आणि हरिचंद्र म्हणे, "सखू, आमच्या घरातल्या बाईला सांग, चहा दोन कप." मधुकर म्हणे, "साखर कमी, सांग." इंदुबाई चहा आणून भिंतीवर ठेवी. वाईट वाटायचं तिला, खूप वाटायचं. रात्री उशीसुद्धा ओली व्हायची. पण सकाळी ओट्यावर दोन आवाज ऐकू आले की तिचे कान तिकडेच. घरात इतका आवाज असतो, हे ती विसरूनच गेली होती.

नवव्या दिवशी रविवार. दोघे भाऊ व्हॉल्व बदलायला हरिचंद्रच्या गच्चीवर चढले. सखू बाजारात गेली होती. इंदुबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती, तेवढ्यात वरून काहीतरी खणकन तिच्या पायाशी येऊन पडलं. पाना. मागोमाग वरून पाण्याची धारही सुरू झाली.

"धरून ठेव रे, अंगठा लाव," हरिचंद्रचा आवाज. "सखू! ए सखू!"

"ती नाय घरात, दादूस."

पाणी पडतच होतं.

"तू बोल वयनीला, पाना दे म्हणून."

"मी नाय बोलणार. मला वगळला होता. तू बोल, तुजी बायको."

"मी मोठा हाय. मी आधी कसा बोलणार?"

इंदुबाई उठली. तिने पाना उचलला, पदराने पुसला आणि शिडीच्या पहिल्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. वरती दोघे भांडत होते, जोरजोरात, पोटभर. एक हाक मारली असती तर तिला पाना वर देता आला असता. पण सहा वर्षं थांबलेली बाई ती. आणखी पाच मिनिटं थांबायला तिची काही हरकत नव्हती.